दुधी गळतो, तो खतावाचून नव्हे

"फुलं भरपूर येतात हो, पण दुधी बोटभर झाला की पिवळा पडून गळतो. कोणतं खत घालू?" साताऱ्या-सांगलीत गच्चीवर भाजी लावणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. बहुतेक वेळा दोष खताचा नसतोच. त्या फुलापर्यंत पराग पोचलेला नसतो.

वेलभाज्यांत नर आणि मादी फुलं वेगळी. आधी येतात ती नर. त्यांना 'वांझ' म्हणून खुडून टाकतात, आणि पराग तर त्यांच्यातच असतो! फुलामागे इवलंसं फळ दिसलं की ते मादी. काकडी, कारलं, भोपळा सकाळी उमलतात. तिथे मधमाशी काम करते. दुधी आणि दोडका मात्र संध्याकाळी उमलतात, त्यांच्याकडे येतात ते रात्री उडणारे पतंग. चौथ्या मजल्यावर ते फिरकले नाहीत, तर दिवेलागणीला नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा.

वांग्याचे पराग पुंकेसराच्या नळीत बंद असतात; टोकाच्या छिद्रातून ते झडतात थरथरीने. ही थरथर मधमाशीला जमत नाही, काळ्या भुंग्याला जमते. लाकूड पोखरतो म्हणून त्याला मारू नका. एखादा वाळका बांबू त्याच्यासाठी कोपऱ्यात राहू द्या.

'कास जवळ आहे, मग मधमाश्यांना काय तोटा?' असंही ऐकू येतं. कास पठार साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटर. आपली सातेरी मधमाशी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या टापूत फिरते. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' ठरलं, त्याच्या पाठीशी भोवतीचं रान आहे. शहरात ते रान कुंड्यांत उभं करावं लागतं. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, थोडी कोथिंबीर फुलू द्या. झेंडू लावायचा तर एकेरी पाकळ्यांचा. गच्च भरलेल्या फुलात माशीला मधापर्यंत पोचता येत नाही. डंखाची भीती धरू नका. फुलावरची माशी तिला चिरडल्याशिवाय सहसा डसत नाही.

कृष्णाकाठची काळी माती शेताला सोन्यासारखी, पण नुसती कुंडीत भरली तर ओली असताना चिकट आणि वाळली की दगड. तिच्यात कुजलेलं पाचट आणि शेणखत सढळ हाताने मिसळा.

कडुनिंबाचं तेल घरगुती आहे, म्हणून कधीही फवारावं असं नाही. ऊन उतरल्यावर पानांच्या मागच्या बाजूला फवारा, उमललेली फुलं वगळून.

आणि यंदा काकडीचं बी टोचण्याआधी महिनाभर एका कुंडीत सब्जा पेरा. काकडी फुलायला लागेल तेव्हा सब्ज्यावर माश्या आलेल्या असतील.