तीव्र स्वादुपिंडदाहातील फुप्फुस-इजा आणि एक्झोसोम

एक्झोसोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या, मेदाच्या दुहेरी पटलाने वेढलेल्या अतिसूक्ष्म पुटिका होत. त्यांचा व्यास सुमारे ३० ते १५० नॅनोमीटर असतो. प्रथिने, मेद व सूक्ष्म आरएनए त्यांच्यामार्फत एका पेशीकडून दुसरीकडे पोहोचतात.

तीव्र स्वादुपिंडदाहात पाचक विकरे स्वादुपिंडातच सक्रिय होऊन त्याच ग्रंथीला इजा करतात. विकार गंभीर झाल्यास फुप्फुसांतील केशवाहिन्यांमधून द्रव पाझरून वायुकोशांत साचतो व रक्तातील ऑक्सिजन घटतो. श्वसनसंस्था निकामी होणे हे अशा रुग्णांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे.

दाह दूरच्या फुप्फुसापर्यंत पोहोचतो कसा, याचा उलगडा करताना सायटोकाइनांबरोबर एक्झोसोमांचाही विचार केला जातो. उंदरांवरील प्रयोगांत रक्तद्रवातील एक्झोसोम वायुकोशांपर्यंत जाऊन तेथील भक्षकपेशींना दाहकारक बनवतात, असे आढळले. या एक्झोसोमांमधील प्रथिनांवरून त्यांचा उगम स्वादुपिंडापेक्षा मुख्यतः यकृतात असल्याचे दिसते. यावरून यकृत हा या दाहप्रसारातील महत्त्वाचा दुवा ठरतो.

सर्वच एक्झोसोम अपायकारक नसतात. काही मूलपेशींपासून मिळवलेल्या एक्झोसोमांनी प्राण्यांमधील दाह कमी झाल्याचे आढळले आहे. मात्र मानवी रुग्णांसाठी हा प्रस्थापित उपचार नाही.