नवोदयची परीक्षा आणि तिसरीतली शाळा

जवाहर नवोदय विद्यालयात सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. निवड परीक्षा पाचवीत असताना, एकदाच देता येते. दोन तासांत ८० प्रश्न आणि १०० गुण. त्यांतले निम्मे गुण एकट्या बुद्धिमत्ता चाचणीचे, उरलेले गणित आणि भाषेचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. पेपर मराठीत मिळतो, उर्दूतही. भिवंडीत उर्दू माध्यमाच्या शाळा इतक्या असताना हे घरोघरी कळायला हवं.

पालक चुकतात ते मात्र आधीच. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली लागतात. अंगाव, गणेशपुरी अशा गावांकडची मंडळी मुलाला ‘चांगल्या शाळेसाठी’ तिसरीत शहरात आणतात. त्या तीन वर्षांतलं एक वर्ष जरी शहरी शाळेत गेलं, तरी तो शहरी गटात जातो. मला याची फार हळहळ वाटते, कारण हे त्यांना कुणी वेळेवर सांगितलेलंच नसतं.

परीक्षेनंतर निवड यादीत नाव आलं नाही, तरी प्रतीक्षा यादीकडे लक्ष ठेवा.