नवे डिस्कस, जुनी टाकी आणि हातावरची गाठ

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ओपीडीत एक गृहस्थ आले. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर कामाला. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर मागच्या बाजूने वाटाण्याएवढी लालसर-जांभळी गाठ, आणि मनगटापासून कोपराकडे एका रेषेत आणखी दोन. दुखणं फारसं नाही, ताप नाही, पण दोन महिने झाले तरी बरं होण्याचं नाव नाही. लेथवरचा माणूस, तेव्हा लोखंडाचा कीस लागून पू झाला असणार, असं धरून त्यांना दोनदा नेहमीच्या अँटिबायोटिक गोळ्या मिळाल्या होत्या. एकदा गाठ फोडूनही झाली होती.

अशा रेषेत चढत जाणाऱ्या गाठी दिसल्या की मी काही प्रश्न ठरवून विचारतो. बागकाम करता का? मांजर ओरबाडलंय का? मासे हाताळता का? शेवटच्या प्रश्नावर ते हसले. ‘‘डॉक्टर, आम्ही माळकरी. मासे खात नाही, पाळतो.’’ सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी लगेच म्हणाल्या, ‘‘पाळतो कसले, कामावरून आले की हात त्या टाकीतच.’’

मग हळूहळू सगळी हकीकत बाहेर आली. घरी चार फुटी टाकी, तळाला माती, तिच्यात दोन वर्षं जोपासलेल्या पाणवनस्पती. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी मोठ्या हौसेने चार डिस्कस मासे आणले आणि त्याच संध्याकाळी टाकीत सोडले. महिन्याभरात त्यातले दोन खंगून मेले, तिसऱ्याच्या अंगावर व्रण उठले. मेलेले मासे त्यांनी हातानेच काढले. बोटावर कारखान्यातली ताजी चीर होतीच.

गाठीचा तुकडा तपासायला पाठवताना प्रयोगशाळेला आवर्जून सांगितलं, की तो नेहमीच्या ३७ अंशांबरोबर ३० अंशांवरही वाढवून पाहा. काही आठवड्यांनी उत्तर आलं : मायकोबॅक्टेरियम मरिनम. क्षय आणि कुष्ठरोगाच्या जंतूंचा हा चुलतभाऊ. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या माशांमध्ये तो प्रथम ओळखला गेला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये पोहण्याच्या तलावातून माणसांच्या त्वचेला त्याची लागण झाल्याचं लक्षात आलं. तलावांत क्लोरिन नीट पडू लागल्यावर ती लागण मागे पडली आणि आता हा बहुतांशी माशांच्या टाकीचा आजार उरला आहे. या जंतूला तीसेक अंशांचं पाणी मानवतं. आपल्या शरीराच्या आतली ऊब त्याला सोसत नाही, म्हणून तो हातापायांच्या थंड त्वचेत घर करतो. माणसाकडून माणसाला तो लागत नाही, हे मी पत्नीला आधी सांगितलं. ‘क्षयाच्या जातीचा’ म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा उतरला होता.

गंमत अशी की डिस्कसलाही तेच २८ ते ३० अंशांचं पाणी लागतं.

हा मासा मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. नाटरर या संग्राहकाने रिओ निग्रो नदीच्या भागातून पाठवलेल्या नमुन्यावरून हेकेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४० मध्ये त्याचं वर्णन केलं. ताटलीसारखा चपटा, गोल, चालीत एक प्रकारचा रुबाब. त्याची पिल्लं जन्मानंतरचे पहिले काही आठवडे आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पिल्लं सांभाळण्याच्या काळात या स्रावातली प्रथिनं आणि प्रतिपिंडं वाढतात असं दिसलं. आईच्या दुधाशी नातं सांगणारी ही गोष्ट वाचली तेव्हा मलाही हा मासा पाळावासा वाटला, आणि गेली सात-आठ वर्षं मी तो पाळतो आहे. त्यामुळे पुढचं जे सांगतो आहे त्यात डॉक्टर किती आणि हौशी माणूस किती, ते मलाही वेगळं काढता येणार नाही.

तो स्राव म्हणजे माशाचं जंतूंविरुद्धचं पहिलं कवच. पिशवीतला प्रवास, जाळीत फडफडणं, पाण्यातला बदल, या सगळ्याने ते कवच पातळ होतं. म्हणजे नवा मासा घरी येतो तेव्हा तो सर्वात दुबळा असतो, आणि नेमका त्याच दिवशी आपण त्याला अनोळखी जंतूंच्या गर्दीत सोडतो. उलट बाजूने, तो दुकानातले कल्ल्यांवरचे सूक्ष्म कृमी आणि आतड्यातले परजीवी सोबत आणतो, ते जुन्या माशांना. करोनाने आपल्याला ‘विलगीकरण’ हा शब्द शिकवला. माशांनाही तोच लागू आहे, फक्त चौदा दिवस पुरत नाहीत. चार ते सहा आठवडे लागतात.

त्यासाठी मोठा थाट नको. दोनेक फुटांची टाकी, तळ उघडा, म्हणजे विष्ठा दिसते. पांढरी, दोरीसारखी विष्ठा ही आतड्यातल्या परजीवींची खूण असू शकते. आडोशाला पीव्हीसी पाइपचा तुकडा, एक हीटर आणि एक स्पंज फिल्टर. हा स्पंज मात्र आधी तीन-चार आठवडे जुन्या टाकीत मुरवलेला हवा. माशांच्या मूत्र-विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जीवाणू त्यात वस्ती करतात. नवा कोरा स्पंज म्हणजे डायलिसिस यंत्र आहे पण जोडलेलं नाही, अशी अवस्था. रोज तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. जाळी, नळी, बादली वेगळी. आणि रोजचं काम आधी जुन्या टाकीचं, मग नव्या माशांचं. क्षयरोग वॉर्डातून थेट बालरोग विभागात जायचं नाही, हा नियम आम्ही इंटर्न असल्यापासून ऐकत आलो आहोत.

पिशवी उघडण्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. नळीने थेंब-थेंब पाणी तासन् तास पिशवीत सोडत बसायचं, असा सल्ला सर्रास मिळतो. मुंबईच्या बाजारातून लोकलने दीड-दोन तासांत आणलेल्या माशाला त्याने फारसा अपाय होणार नाही. पण रात्रभराचा विमानप्रवास करून आलेल्या माशाची गोष्ट निराळी. बंद पिशवीत त्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड पाणी आम्लधर्मी ठेवतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पीएच ६.५ वरून ८ वर गेला तर त्यातला विषारी भाग सुमारे तीस पट होतो. म्हणून बंद पिशवी वीस मिनिटं टाकीवर तरंगत ठेवून तापमान जुळवायचं, मग उघडून लवकर मासा पाण्यात सोडायचा. पिशवीतलं पाणी मोरीत. टाकीतलं पाणी विक्रेत्याकडच्या पाण्याच्या जवळ जाणारं आधीच करून ठेवणं यासाठी महत्त्वाचं. पहिला दिवस दिवा बंद, खाणं बंद.

पाणवनस्पतींची टाकी आणि डिस्कस यांचा संसार तसा तडजोडीचाच. बहुतेक वनस्पतींना चोवीस-पंचवीस अंश आवडतात, डिस्कसला त्याहून चार-पाच अंश जास्त. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साधारण ७.५. रात्री वनस्पतीही प्राणवायू खातात, आणि हिरवाईसाठी सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडणारे हौशी लोक नको इतका सोडतात. कल्ल्यांना आधीच कृमी लागलेला मासा अशा पाण्यात पहाटे धापा टाकताना दिसतो. दम्याच्या रुग्णासारखंच, पहाटे जास्त. अनुबियास, जावा फर्न, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड, व्हॅलिसनेरिया या वनस्पती गरम पाणी सोसतात. माझ्याकडे एवढ्याच आहेत आणि मी त्यात समाधानी आहे. दिवा गेल्यावर रात्री हवेचा पंप चालू ठेवतो. दुरुस्तीसाठी वीज बंद असते त्या दिवसासाठी बॅटरीवरचा एक पंप कपाटात असतो.

वनस्पतींमुळे आणखी एक अडचण येते. औषधं. तांबं, फॉर्मेलिन, मीठ यांतलं काहीही लावलेल्या टाकीत टाकलं तर झाडं जातात, किंवा फिल्टरमधले जीवाणू. म्हणूनही उपचार व्हायचे ते वेगळ्या टाकीतच. आणि माशांच्या दुकानात सुटी मिळणारी अँटिबायोटिक पूड ‘प्रतिबंधक’ म्हणून टाकू नये, हे मी ओपीडीतला डॉक्टर म्हणून सांगतो. ते पाणी शेवटी गटारात जातं आणि औषधाला निर्ढावलेले जंतू घेऊन जातं. गाळात वाढणाऱ्या ट्युबिफेक्स अळ्यांचं जिवंत खाद्यही मी बंद केलं आहे.

सहा आठवडे नीट गेले की जुन्या टाकीतला एकच धडधाकट मासा नव्यांच्या सोबतीला सोडावा आणि दोन आठवडे वाट पाहावी. तो ठणठणीत राहिला तर सगळ्यांना एकत्र करावं, शक्यतो एकाच वेळी, संध्याकाळी, दिवा मालवून. डिस्कस कळपात मान-पान सांभाळतो. एकटा नवखा कोपऱ्यात रेटला जातो.

पाण्याचं एक राहिलं. आमच्या बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात नळाचं पाणी ठरलेल्या वेळी येतं, त्यामुळे माशांसाठी पिंप भरून ठेवणं ओघानेच आलं. क्लोरिन उडावा म्हणून बरेच जण ते उघडं ठेवतात. पावसाळ्यात अशाच पिंपांत एडिस डास अंडी घालतो आणि मग डेंगीचे रुग्ण आमच्याकडे येतात. पिंपावर मलमलचं घट्ट फडकं बांधा, आठवड्यातून एकदा ते रिकामं करून घासा, क्लोरिनसाठी घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब मिळतात. पिंपातल्या अळ्या माशांना घालता येतात असं एकाने मला सांगितलं होतं. खरं आहे ते, पण सगळ्या अळ्या कोण मोजणार?

त्या गृहस्थांना दोन औषधं एकत्र दिली, क्लॅरिथ्रोमायसिन आणि इथॅम्ब्युटॉल. क्षयाच्या नेहमीच्या औषधांतल्या पायराझिनामाइडचा या जंतूवर उपयोग होत नाही. गाठी विरल्यानंतरही महिना-दीड महिना गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, आणि तिथेच लोक कंटाळतात. ते कंटाळले नाहीत. साडेचार महिने घेतल्या. इथॅम्ब्युटॉलमुळे डोळे तपासायलाही वेळेवर येत राहिले. मधुमेह असता किंवा स्टेरॉइड चालू असतं, तर हाच जंतू सांध्यात, हाडातही गेला असता. हातावर चीर असेल तर टाकीत हात घालायचा नाही, एरवी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, नळी तोंडाने ओढायची नाही आणि टाकीची बादली स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतायची नाही, एवढं त्यांना लिहून दिलं. टाकी फेकून द्यावी लागेल का, हे त्यांनी फार घाबरत विचारलं. मी नाही म्हटलं, पण व्रण असलेला मासा वेगळा काढायला सांगितलं. तो आठवड्यात गेला. उरलेल्या एकावर ते सहा महिने लक्ष ठेवून होते.

दिवाळीनंतर शेवटच्या तपासणीला आले तेव्हा मधलं बोट अजून पूर्ण मिटत नव्हतं. त्यासाठी फिजिओथेरपीला पाठवलं. निघताना मोबाइलवर त्यांनी एक व्हिडिओ दाखवला. गॅलरीत दोन फुटी टाकी, तिच्यात पीव्हीसी पाइप, आणि पाइपाआडून डोकावणारे रुपयाएवढे पाच डिस्कस. आणून तेरा दिवस झाले होते.