कौरीच्या नौका: कागद, फोटो आणि फळ्या

न्यूझीलंडमधल्या जुन्या शिडाच्या नौका बहुतांशी कौरीच्या लाकडाच्या आहेत. देशाच्या उत्तरेत वाढणाऱ्या या झाडाचा बुंधा सरळ असतो, गाठी फार कमी. त्यामुळे लांबलचक फळी एकसंध निघते. १८७४ मध्ये स्कॉटलंडहून आलेले रॉबर्ट लोगन आणि त्यांचे मुलगे यांनी ऑकलंडमध्ये पातळ फळ्यांचे तीन थर एकावर एक चढवून नौका बांधल्या. आतले दोन थर एकमेकांना छेद देत तिरपे, बाहेरचा लांबीला धरून, आणि सगळे तांब्याच्या रिव्हेटांनी जखडलेले. १८९४ ची ‘वाइटांगी’ आणि १९०५ ची ‘राफिती’ या अशाच घराण्यातल्या. अशी नौका दुरुस्तीला काढली की पहिले काम सुताराचे नसते, ते कागद धुंडाळण्याचे असते.

मूळ आराखडा मिळेलच असे नाही. त्या काळी पुष्कळ नौका अर्ध्या अंगाच्या लाकडी नमुन्यावरून बांधल्या जात आणि मापे थेट त्यावरूनच घेत. मग आधार उरतो वर्तमानपत्रांचा. वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘पेपर्स पास्ट’ या नावाने जुनी वर्तमानपत्रे संगणकावर आणली आहेत. नौका पाण्यात सोडल्याच्या बातमीत लांबी, रुंदी, पाण्याखालची खोली, बांधणारा आणि गिऱ्हाईक एवढे तरी सापडते. जानेवारीअखेरच्या ऑकलंड रेगाटाची वर्णने शिडांतले बदल सांगतात. नौका विकली गेली असेल तर शोधही तिच्यामागे जातो: ‘राफिती’ सिडनीच्या मालकासाठी बांधली होती, ‘वाइटांगी’नेही बराच काळ ऑस्ट्रेलियात काढला. तिथली वर्तमानपत्रे चाळल्याशिवाय त्यांचा इतिहास पुरा होत नाही.

सरकारी नोंदवहीत चढलेल्या नौकेची गोष्ट त्या मानाने सोपी. ब्रिटिश कायद्याप्रमाणे प्रत्येक जहाजाच्या मालकीचे ६४ हिस्से धरले जात आणि कोणता हिस्सा कोणी कोणाला विकला, गहाण टाकला, हे वहीत उतरे. जहाजाचा अधिकृत क्रमांक मुख्य तुळईवर कोरावा लागे. रंगाचे थर खरवडल्यावर ते आकडे उघडे पडले, की नाव कितीदा बदलले असले तरी ओळख पटते. लहान शर्यती नौका मात्र अनेकदा नोंदणीच्या भानगडीत पडतच नसत.

फोटोंच्या बाबतीत ऑकलंड नशीबवान. हेन्री विंकेलमन (१८६०–१९३१) यांनी बंदरातल्या नौकांचे काचेच्या निगेटिव्हवर भरपूर चित्रण केले, आणि तो ठेवा तिथले संग्रहालय व सार्वजनिक ग्रंथालय यांनी जपला आहे. डोलकाठी नेमकी कुठे होती, केबिन किती उंच, हे त्यातून मोजता येते. पण फोटोतले वर्ष आणि नौकेच्या जन्माचे वर्ष एकच नसते. कोणत्या वर्षाची नौका परत उभी करायची, हा निर्णय कोणताही कागद घेऊन देत नाही.

पिक्टनच्या ‘एडविन फॉक्स’बाबत हा निर्णय उलटा लागला. १८५३ मध्ये कलकत्त्याजवळ सुलकियाला सागवानात बांधलेले हे जहाज १९६५ मध्ये एका संस्थेने एका शिलिंगला घेतले. आता ते कोरड्या गोदीत, छपराखाली, आहे त्या अवस्थेत राखले आहे.

दुरुस्तीला लागणाऱ्या भागांत सर्वांत दुर्मिळ ते लाकूडच. वाइपोआचे कौरीचे जंगल १९५२ मध्ये अभयारण्य झाले आणि १९९३ च्या कायद्याने देशी झाडांची कटाई कडक अटींत बांधली गेली. त्यामुळे कारागिराची नजर पाडल्या जाणाऱ्या जुन्या इमारतींवर असते. तिथल्या तुळया शतकभर वाळलेल्या असतात, पण पोटात मोडके खिळे घेऊन येतात; करवतीला लावण्याआधी धातुशोधक फिरवावाच लागतो. दलदलीतून काढलेली कौरी हजारो वर्षांची असते. तिचे फर्निचर झकास होते, नौकेच्या फळीसाठी मात्र तुकडा पारखूनच घ्यावा लागतो.

जुनी दुरुस्ती हीही एक माहितीच. तांब्याच्या रिव्हेटांशेजारी कोणी लोखंडी स्क्रू मारला असेल, तर खाऱ्या पाण्यात लोखंड झिजते आणि भोवतालचे लाकूड काळे पडून मऊ होते. असे काळे डाग पाहत गेले की कोणती फळी मूळची आणि कोणती नंतरची, हे कळू लागते. कागद आणि लाकूड यांत तफावत दिसली तर लाकडाचे ऐकावे.

ब्राँझचे कडे, कप्पी, बिजागरी बाजारात मिळत नाहीत, ओतून घ्यावी लागतात. जुनाच भाग वाळूत दाबून साचा केला तर ओतलेला भाग किंचित लहान निघतो, कारण धातू थंड होताना शेकडा एक-दीड भाग आक्रसतो. म्हणून लाकडाचा नवा नमुना तेवढा मोठा करतात. डाव्या बाजूचा भाग शिल्लक आणि उजव्या बाजूचा हरवलेला असेल, तर आरशातल्यासारखा उलटा नमुना कोरण्यावाचून गत्यंतर नसते. हे नमुने काम झाल्यावर फेकायचे नसतात. एकाच कारखान्यातून निघालेल्या नौकांना पुष्कळदा तेच भाग चालतात, आणि आज बनवलेला नमुना पुढे दुसऱ्या मालकाला उसना देता येतो.