हळदीकुंकू ल्यालेलं बदक

यंदाची गटाची सहल नांदूर मधमेश्वरला पक्षी बघायला न्यायची असं बैठकीत ठरलं, तेव्हा दोघीतिघींनी तोंडं वाकडी केली. "बदकं काय बघायची, ताई? त्यापेक्षा वणीला जाऊ." आजचं बोलणं त्यांच्यासाठी.

हे ठिकाण निफाड तालुक्यात आहे. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथं इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. शंभर वर्षं नद्यांचा गाळ साचत गेला, बेटं झाली, पाणी उथळ राहिलं, लव्हाळं माजलं. पाणी साठवायच्या हिशेबानं हा तोटाच, पण बदकांना नेमकं हेच लागतं. 1986 साली इथं अभयारण्य झालं. पुढं 2019 साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, त्याचं नाव लागलं. महाराष्ट्रातलं हे पहिलंच.

तिथं गेल्यावर सगळ्यात आधी हळदी-कुंकू बदक शोधा. हो, खरंच असं नाव आहे! काळी चोच, टोकाला हळदीचं बोट लावल्यासारखं पिवळं आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके. हे बारा महिने आपल्याकडेच राहतं. पाहुणी मंडळी थंडीत येतात. थापट्याची चोच पुढं पसरट, गवंड्याच्या थापीसारखी. तिच्या कडेला बारीक दाते असतात. पाणी आत घ्यायचं, दात्यांतून बाहेर सोडायचं, किडामुंगी आणि बी आत राहतं. आपली पिठाची चाळणीच की! तलवार बदकाच्या नराची शेपटी लांब, टोकदार. चक्रवाक अंगानं नारिंगी-बदामी. तो लडाख, तिबेटकडं अंडी घालतो आणि हिवाळ्याला खाली उतरतो.

माद्या मात्र बहुतेक मातकट. याचं कारण आहे. थापट्या, तलवार बदक यांच्यात अंडी एकटी मादी उबवते, नर निघून जातो. घरट्यावर तीन-साडेतीन आठवडे बसायचं तर गवतात मिसळून जाणारा रंगच बरा. चक्रवाक त्यातल्या त्यात शहाणा, पिल्लं दोघं मिळून सांभाळतात. (यावर आमच्या गटात बराच वेळ हशा चालला होता, ते इथं सांगत नाही.)

आता फोटोचं. पहिल्या वेळी आम्ही वीसजणी भडक साड्या नेसून, मोबाईल वर धरून काठाकडं पळालो. सगळा थवा उठला. घरी येऊन बघितलं तर फोटोत आभाळ आणि माश्या बसल्यासारखे ठिपके. मग शिकलो. सकाळी लवकर जायचं. सूर्य आपल्या पाठीशी ठेवायचा, नाहीतर पक्षी काळाच येतो. मोबाईलवर बोटांनी चित्र मोठं केलं की ते फाटतं. त्यापेक्षा दुर्बिणीच्या भिंगाला मोबाईलचा कॅमेरा चिकटवून धरा. हात थरथरतो, म्हणून कोपर मनोऱ्याच्या कठड्यावर टेकवा. आणि मग गप्प बसा, दहा-पंधरा मिनिटं. लांब गेलेली बदकं हळूहळू चरत जवळ येतात.

बदकं चोच पाठीत खुपसून झोपली असतील तर सगळं ठीक. एकाएकी सगळ्यांच्या माना ताठ झाल्या, की एक पाऊलही पुढं टाकू नका. पुढच्या क्षणी ती उडतात. पाहुण्या बदकांना उन्हाळ्याआधी हजारो किलोमीटर परत जायचं असतं. त्यासाठी अंगात चरबी साठवायची, तर दिवसभर निवांत चरायला मिळायला हवं. दर वेळी उठवलं की साठवलेलं खर्ची पडतं. आपल्या बचतीतून कुणी रोज शंभर रुपये काढत राहिलं, तर कर्जाच्या हप्त्याला काय उरेल?

गेल्या डिसेंबरात आमच्या गटाकडं बारा पाहुण्यांच्या जेवणाची ऑर्डर होती, पिठलं-भाकरी आणि ठेचा. त्यांच्यातल्या एकानं आमच्या पोराला शंभराची नोट दाखवली, "टाळ्या वाजव, उडताना फोटो पाहिजे." मी नको म्हटलं. बोलाचाली झाली आणि मंडळी जेवण न घेताच गेली. पंचवीस भाकऱ्या थापून तयार होत्या. घरी बोलणी खाल्ली, गटातही दोघी आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पीठ त्यांच्या घरचं होतं. आता आम्ही ऑर्डर घेतानाच सांगतो, पक्षी उडवायचे नाहीत, आणि निम्मे पैसे आगाऊ घेतो.

जानेवारीत आशियातल्या अनेक देशांत पाणपक्ष्यांची मोजणी होते. तशीच मोजणी आम्हीही करून बघतो. शंभर बदकं एकेक मोजत बसायचं नाही. दहांचा घोळका नजरेत धरायचा, तेवढेच घोळके किती ते बघायचं. आमच्या कोषाध्यक्षबाई नोटांची थप्पी मोजतात तशा झरझर मोजतात. फक्त मागच्या खेपेला त्यांनी वारकरीही बदकांत धरले. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून वारकरी. तो पोहतो बदकासारखा, पण जात पाणकोंबडीची. सगळं पुन्हा मोजावं लागलं.