पिंगळा आणि वनपिंगळा

भारताच्या सपाट प्रदेशातील जवळजवळ प्रत्येक खेड्यात, आणि जुनी झाडे शिल्लक असलेल्या शहरांतही, सूर्यास्ताच्या सुमारास एखाद्या आंब्याच्या किंवा वडाच्या ढोलीतून कर्कश कलकलाट ऐकू येतो. दोन-तीन आवाज एकमेकांत मिसळतात, चढत जातात आणि एकाएकी थांबतात. हा पिंगळा होय. हिंदी भाषक प्रदेशात त्याला खूसट म्हणतात. महाराष्ट्रात भल्या पहाटे दारोदार फिरून भविष्य सांगणाऱ्या जोश्यालाही पिंगळाच म्हणतात. त्याला या पक्ष्याची भाषा कळते, अशी लोकसमजूत आहे.

पिंगळा आकाराने साळुंकीएवढा, सुमारे २१ सेंटिमीटर लांबीचा असतो. डोके वाटोळे, शेपूट आखूड, डोळे पिवळेजर्द. पाठ राखी छटेची तपकिरी असून तिच्यावर आणि माथ्यावर पांढरे ठिपके विखुरलेले असतात. मानेच्या मागील बाजूस अर्धवट पांढरा पट्टा दिसतो. पांढुरक्या छातीपोटावर तपकिरी तुटक रेषा असतात. दिवसा त्याच्या ढोलीजवळ कोणी गेले, तर तो बाहेर येऊन फांदीवर बसतो, पाहुण्याकडे रोखून पाहतो आणि डोके वरखाली करू लागतो. ही हालचाल पाहणाऱ्याला हसू येते. पण तिच्यामागे व्यवहार आहे. घुबडांचे डोळे खोबणीत हलत नाहीत, म्हणून समोरच्या वस्तूचे अंतर अजमावण्यासाठी त्यांना सबंध डोकेच हलवावे लागते.

भुंगेरे, पतंग, टोळ हे त्याचे मुख्य अन्न. त्याखेरीज उंदरांची पिले, पाली, सरडे आणि क्वचित लहान पक्षीही तो पकडतो. रस्त्यावरील दिव्याभोवती जमणाऱ्या किड्यांवर झडप घालताना त्याला शहरातील माणसानेही पाहिले असेल. विणीचा हंगाम साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल असतो. झाडाच्या ढोलीत किंवा पडक्या भिंतीच्या भोकात मादी तीन-चार पांढरी, गोलसर अंडी घालते. असा पक्षी शेतकऱ्याचा मित्रच म्हटला पाहिजे. तरीही त्याला अशुभ मानण्याची आणि मंत्रतंत्रासाठी पकडण्याची दुष्ट चाल अद्याप पुरती गेलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार हा गुन्हा आहे.

इतक्या परिचित पक्ष्याची ओळख बारकाईने करून घेण्याचे कारण असे, की मध्य भारताच्या जंगलांत त्याच्याशी सहज गल्लत होईल असे आणखी दोन छोटे पिंगळे राहतात. त्यांपैकी रानपिंगळा ओळखण्यास फारसा कठीण नाही. त्याच्या अंगावर ठिपके नसून डोक्यापासून पोटापर्यंत दाट आडव्या रेषा असतात. खरी अडचण तिसऱ्याची, वनपिंगळ्याची. (या दोघांची नावे अर्थाने इतकी जवळ आहेत, की केवळ नावावर विसंबून केलेली नोंद शंकास्पदच समजावी.) वनपिंगळा पिंगळ्याहून किंचित मोठा, सुमारे २३ सेंटिमीटरचा असतो. त्याचा माथा जवळजवळ सपाट तपकिरी असतो, त्यावरील ठिपके असले तरी अगदी अस्पष्ट असतात. छातीचा वरचा भाग एकसंध गडद तपकिरी आणि पोटाचा मधला भाग निर्मळ पांढरा दिसतो. डोके व चोच अंगाच्या मानाने मोठी. पंख व शेपटीवर रुंद गडद पट्टे असतात, शेपटीचे टोक पांढरे असते आणि पायांवर पांढऱ्या पिसांचे दाट आच्छादन असते. यांतील एखाद्याच खुणेवर भिस्त न ठेवता माथा, छाती आणि पोट ही तिन्ही पाहावीत.

या सावधगिरीला इतिहासाचा आधार आहे. एफ. आर. ब्ल्यूइट यांनी १८७२ च्या डिसेंबरात, आज छत्तीसगडमध्ये असलेल्या बसना येथे मिळविलेल्या नमुन्यावरून ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली या जातीचे वर्णन केले आणि शोधकर्त्याचे नाव तिला दिले. पुढे जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात काही नमुने गोळा केले. त्यांतील अखेरचा १८८४ सालचा. जगातील संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने, एवढीच या पक्ष्याची साक्ष उरली. अधूनमधून तो दिसल्याच्या बातम्या येत. त्याचे म्हणून छापले गेलेले एक छायाचित्रही पुढे साध्या पिंगळ्याचे ठरले.

सात नमुन्यांपैकी एकावरील चिठ्ठीत १९१४ हे साल आणि गुजरातमधील तापीकाठच्या मांडवी या गावाचे नाव होते. तो नमुना रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा होता. डॉ. पामेला रासमुसेन यांनी तो बारकाईने तपासला, तेव्हा धक्कादायक गोष्ट उघड झाली. नमुना डेव्हिडसनचाच होता. तो ब्रिटनमधील संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावून सादर केलेला होता! संग्रहालयातील मृत पक्ष्याचे मोल त्याच्या चिठ्ठीवर असते. स्थळ आणि काळ खोटा लिहिला, की पिसांचा तो गठ्ठा मुका होतो. एवढेच नव्हे, तर शोध घेणाऱ्यांना भलत्या वाटेला लावतो.

मांडवीची नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी केवळ विश्वसनीय जुन्या स्थळांचा मागोवा घेतला. पूर्वेकडील ठिकाणी काही हाती लागले नाही. मग ते पश्चिमेकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, तेव्हाच्या धुळे व आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ, सकाळच्या उन्हात एका निष्पर्ण झाडावर त्यांना वनपिंगळा दिसला. शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर ११३ वर्षे लोटली होती.

त्यानंतरच त्याच्या जीवनक्रमाचा अभ्यास सुरू झाला. साध्या पिंगळ्यासारखा तो संध्याकाळची वाट पाहत नाही. भर दिवसा उघड्या शेंड्यावर बसून, शेपूट बाजूबाजूला झटकीत तो भक्ष्य न्याहाळतो. सरडे, उंदीर आणि मोठे कीटक त्याला प्रिय आहेत. तो गावात किंवा पडक्या भिंतीत राहत नाही. त्याला हवे असते विरळ, पानगळीचे सागवान, त्यात ढोल्या असलेली वयस्क झाडे आणि शिकारीसाठी मोकळी जागा. सातपुड्याच्या रांगांत, मेळघाटात आणि मध्य प्रदेशाच्या लगतच्या वनांत तो आढळतो. डांगच्या जंगलात आणि २०१४ साली मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. या नव्या ठिकाणांमुळे २०१८ साली त्याला जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून ‘संकटग्रस्त’ या वर्गात आणण्यात आले. याचा अर्थ धोका टळला असा नव्हे. शेतीसाठी आणि सरपणासाठी पडणाऱ्या झाडांत नेमकी ती जुनी, पोकळ झालेली झाडे आधी पडतात; लाकूड म्हणून त्यांना मोल नसते, पण वनपिंगळ्याचे घरटे त्यांतच असते.