उघडा बोअर

आपला जालना जिल्हा कमी पावसाचा. म्हणून अंतरवाली सराटीसारख्या गावांत शेतकरी बोअर घेतात. पाणी लागले नाही की काही जण पाइप काढून नेतात आणि खड्डा उघडाच राहतो. मोठा माणूस त्यात मावत नाही, पण लहान मूल सहज घसरते.

२०१९ साली पुणे जिल्ह्यातील थोरांदळे गावी सहा वर्षांचा मुलगा बोअरमध्ये पडला. तो वरच्या भागातच अडकला, म्हणून सुमारे सोळा तासांनी जिवंत निघाला.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बजावले आहे : चालू बोअरला घट्ट झाकण लावा, बंद बोअर तळापासून दगड-मातीने भरा. वर नुसते काटे टाकून भागत नाही.

मुलांनो, शेतात धाकट्या भावंडांचा हात सोडू नका. उघडा बोअर दिसला, तर त्याच दिवशी वडीलधाऱ्यांना सांगा.